आवाज रेडिओत, चित्र जपानात

वायरलेस सेटवर आपण बरेच भाग केले. आज एका खेळण्यावर बोलतो. हसू नका. सिग्नल्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला या खेळण्यानं घरच्यांसमोर हरवलं होतं.

1991 साल, जबलपूर. माझे मेहुणे मर्चंट नेव्हीत. त्यांनी आठ वर्षांच्या भाच्यासाठी जपानहून निन्टेन्डोचा फॅमिकॉम आणला. लाल-पांढरा डबा, 1983 साली तिथे 14,800 येनला बाजारात आलेला. जपानची वीज 100 व्होल्टची, आपली 230ची, एवढं ठाऊक होतं. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावला. वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडली, सगळे चॅनेल फिरवले. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

त्या फॅमिकॉमला चित्राची वेगळी वायरच नव्हती. तो छोट्या टीव्ही केंद्रासारखा, जपानच्या चॅनेल 1 किंवा 2वर सिग्नल द्यायचा, म्हणजे 90 ते 102 मेगाहर्ट्झ. आपल्याकडे त्या जागी टीव्ही नाहीच, तो एफएम रेडिओचा पट्टा! हे उमगल्यावर मी टू-इन-वन शेजारी ठेवला, काटा 96च्या किंचित अलीकडे आणला आणि खेळाचं संगीत वाजू लागलं. पोरगा रेडिओला कान लावून बटणं दाबत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, दिसणार कधी?"

चॅनेल जुळला असता तरी चित्र धड आलं नसतं. जपाननं अमेरिकेची एनटीएससी पद्धत घेतली होती: 525 रेषा, सेकंदाला जवळपास 60 चित्रं. आपण 1982 साली, एशियाडच्या वर्षी, रंगीत झालो ते जर्मनीत जन्मलेल्या पॅल पद्धतीनं: 625 रेषा, 50 चित्रं. हे 50 आणि 60 आले मुळात विजेच्या फ्रिक्वेन्सीवरून. गंमत म्हणजे जपानात टोकियोची वीज 50ची आणि ओसाकाची 60ची, पण टीव्ही सगळीकडे 60चाच.

शेजारच्या क्वार्टरमध्ये मात्र बाजारातला स्वस्त सेट मजेत चालायचा. मी त्याला 'नकली' म्हणून नाक मुरडायचो, मुलाला तिथे जाऊ द्यायचो नाही. ते माझं चुकलं. त्या नकलाकारांनी आपला टीव्ही ध्यानात घेतला होता: पॅलचे रंग, आपल्याकडचा चॅनेल, आणि वर जपानी 60 पिनांची कॅसेटही बसायची. खेळ जरा संथ चालायचा, एवढंच. अस्सल माल आमच्या काळ्या ट्रंकेत गेला.

आज असा जुना सेट मागवणार असाल तर तीन गोष्टी बघा: अडॅप्टरवरचे व्होल्ट, सेट कोणत्या देशासाठी बनलाय, आणि मागे पिवळं एव्ही सॉकेट आहे का. आपल्या हल्लीच्या बहुतेक टीव्हींना एव्हीवरून एनटीएससी चालतं. मूळ फॅमिकॉमला ते सॉकेट आतून बसवून घ्यावं लागतं. बंदुकीचे खेळ मात्र विसरा, त्यांना जुना काचेच्या ट्यूबचा टीव्हीच लागतो.

गेल्या वर्षी मुलानं ते काम करून घेतलं. तो आता चाळिशी ओलांडलेला. चित्र आलं. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये छोटा मायक्रोफोन असतो, त्यात बोललेलं टीव्हीतून ऐकू येतं. तो हातात घेऊन मुलगा म्हणाला, "हॅलो बाबा, आता दिसतंय. ओव्हर."