दुधाचे कॅन, माशांची रेल्वे आणि आपली फिश टँक

घर बदलताना फ्रिज, टीव्ही, गादी सगळं पॅकर्सवाले नेतात. फिश टँक दिसली की मात्र म्हणतात, "हे तुमचं तुम्ही बघा." मग प्रश्न पडतो, जिवंत मासे न्यायचे कसे? हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर पडला होता. आजची गोष्ट त्याचीच.

१८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे सुरू झाली. दोनच वर्षांनी, १८७१ च्या जूनमध्ये, सेथ ग्रीन नावाचा मत्स्यतज्ज्ञ न्यूयॉर्क राज्यातून कॅलिफोर्नियाला निघाला. सामान काय, तर दुधाचे कॅन. त्यांत शॅड माशाची सुमारे १२,००० पिल्लं. शॅड म्हणजे आपल्या हिलशाचा चुलतभाऊ समजा. वाटेत पाणी बदलत, पिल्लांवर डोळा ठेवत त्याने देश ओलांडला आणि साधारण १०,००० पिल्लं सॅक्रामेंटो नदीत जिवंत सोडली.

हे बघून १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन स्टोनने आणखी मोठा घाट घातला. त्याने रेल्वेचा एक अख्खा डबाच टाकी बनवला आणि त्यात कॅटफिश, ईल, ट्राउट, अगदी लॉबस्टरसुद्धा भरले. पण नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरचा पूल कोसळला. डबा पाण्यात गेला आणि मासे भलत्याच नदीत पोचले! स्टोन वाचला. गंमत म्हणजे तो घरी बसला नाही. काही आठवड्यांतच शॅडची नवी पिल्लं घेऊन तो कॅलिफोर्नियात हजर झाला. पुढे १८८१ पासून १९४७ पर्यंत अमेरिकन सरकारने मासे नेण्यासाठी खास रेल्वे डबे चालवले. त्यात बर्फ, टाक्या, आणि डब्यातच राहून माशांची देखभाल करणारी माणसं असायची.

आता बर्फ कशाला? थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. ०° सेल्सिअसला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर २५° ला ८ च्या आसपास. शिवाय थंडीत मासा सुस्त होतो, म्हणजे त्याला ऑक्सिजन कमी लागतो. पण थांबा, हे ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांचं गणित. आपल्या गप्पी किंवा एंजलफिशच्या पिशवीत बर्फ टाकलात तर ते मरतील. त्यांना हवं स्थिर तापमान, म्हणून थर्माकोलचा डबा.

दुसरा शत्रू अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणून प्रवासाआधी एक दिवस खाणं बंद ठेवायचं आणि पिशवीत पाणी कमी, ऑक्सिजन जास्त भरायचा. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे अमोनियाचा विषारीपणा दबलेला राहतो. पिशवी उघडली की गॅस उडतो आणि विष जागं होतं. म्हणून पिशवी बंद असतानाच तापमान जुळवायचं आणि उघडल्यावर मासे जाळीने पटकन नव्या पाण्यात सोडायचे. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

आणि फिल्टरचा स्पंज? तो नळाखाली धुवायचा नाही, टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून न्यायचा. अमोनिया खाणारे जीवाणू त्यातच राहतात. स्पंज सुकला तर नव्या घरात टाकी शून्यापासून सुरू.

या इतिहासाची दुसरी बाजूही ऐका. ग्रीन आणि स्टोन यांनी नेलेले शॅड तिथे रुजले, पुढे कोलंबिया नदीपर्यंत पसरले आणि आज तिथे लाखोंनी येतात. आपल्याकडे १९५२ मध्ये बाहेरून तिलापिया आणला. उजनीच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात, आणि आता तो काढू म्हटलं तरी निघणार नाही. एकदा पाण्यात गेलेला मासा परत बोलावता येत नाही.

म्हणून शिफ्टिंगच्या घाईत "जाऊ दे, तळ्यात सोडून देऊ" असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. मासे न्यायला जमत नसेल तर मित्राला द्या, दुकानदाराला परत करा. तळ्यात मात्र नको.

तुमच्या टाकीचं शिफ्टिंग कसं झालं ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!