कोठीपोटातील जिवाणू

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात (रुमेन), राहणारे व बहुतांशी ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. आत ऊब सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते आणि द्रवाच्या दर मिलिलिटरमागे जिवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात जाते.

कडब्यातले सेल्युलोज फोडणारी विकरे गाईकडे नसतात. ती फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनस, रुमिनोकॉकस अल्बस यांसारख्या जिवाणूंकडे असतात. काडीला चिकटून ते तंतू तोडतात. पुढच्या किण्वनातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले तयार होतात, कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात उतरतात आणि गाईची सुमारे ७० टक्के ऊर्जेची गरज भागवतात. अमोनियापासून हे जिवाणू स्वतःची प्रथिनेही घडवतात. पुढच्या कप्प्यांत गेले की तेच गाईचे अन्न होतात. युरिया-प्रक्रिया केलेला भाताचा पेंढा गाईला मानवतो तो याचमुळे.

ही घडी मोडते कशी, ते लग्नघरी कळते. पंगतीत उरलेला भात कौतुकाने गोठ्यात जातो. पिष्ट मिळताच स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस झपाट्याने वाढतो आणि लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. ते खाणारा मेगास्फेरा एल्सडेनाय मागे पडतो. एरवी डाव्या भकाळीवर मूठ ठेवली की मिनिटाला एकदोनदा जाणवणारी हालचाल थांबते, रवंथ बंद पडतो. पशुवैद्य खाण्याचा सोडा देतात. कधी निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रसही पाजतात.

कारखान्यांना यांतले काही जिवाणू हवेसे वाटले ते सक्सिनिक आम्लासाठी. कोठीपोटात हे आम्ल फारसे साठत नाही. एकाने बनवले की दुसरा त्याचे प्रोपिऑनिक आम्ल करून टाकतो. बनवणारा तेवढा वेगळा काढला, की ते साठू लागते. अमेरिकेत ॲक्टिनोबॅसिलस सक्सिनोजेनस, दक्षिण कोरियात मॅनहाइमिया सक्सिनिसिप्रोड्यूसेन्स आणि जर्मनीत बास्फिया सक्सिनिसिप्रोड्यूसेन्स हे तिन्ही गाईच्या कोठीपोटातूनच मिळाले. यांतल्या बास्फियावर बार्सिलोनाजवळ मोंतमेलो येथे २०१४ साली वर्षाला १०,००० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. या आम्लापासून विघटनशील प्लॅस्टिकही बनते.

कारखान्याच्या टाकीतही ऊब कोठीपोटाच्या जवळपासचीच राखतात, ऑक्सिजन दूर ठेवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, कारण तो या आम्लाच्या रेणूत जोडला जातो. कडब्याच्या जागी मात्र ग्लुकोज किंवा ग्लिसरीन असते.