खिशातले सॉफ्टवेअर, संगणकातले सॉफ्टवेअर

अमरावती आणि अकोला या दोन शहरांत रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आहे. अमरावतीत विद्यापीठ, अकोल्यात कृषी विद्यापीठ. त्यामुळे प्रकल्प आणि प्रबंधाची कामे घेऊन दोन्हीकडे जाणे-येणे करणारे विद्यार्थी वऱ्हाडाला नवे नाहीत. घरी केलेले काम पेन ड्राइव्हवर घेऊन असा विद्यार्थी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत किंवा सायबर कॅफेत बसतो. फाइल सोबत असते, पण ती उघडणारे सॉफ्टवेअर त्या संगणकात नसते. ते बसवू गेल्यास संगणक व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतो आणि काम तिथेच अडते. ही अडचण दूर करण्यासाठी पोर्टेबल, म्हणजे सोबत नेता येणारे, सॉफ्टवेअर उपयोगी पडते.

नेहमीच्या पद्धतीने सॉफ्टवेअर बसवताना केवळ फाइलींची नक्कल होत नाही. विंडोजमध्ये मुख्य भाग 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये जातो, सामायिक फाइली अन्यत्र ठेवल्या जातात आणि अनेक नोंदी 'रजिस्ट्री'त होतात. रजिस्ट्री म्हणजे संगणकाची खतावणीच. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी त्याच्या खात्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठतात. म्हणूनच असा प्रोग्राम नुसता उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवला तर तो बहुधा चालत नाही.

पोर्टेबल सॉफ्टवेअर आपला संसार एकाच फोल्डरमध्ये थाटते. प्रोग्राम, त्याची मांडणी आणि वापरणाऱ्याच्या नोंदी तिथेच राहतात. ही कल्पना तशी जुनीच आहे. डॉसच्या काळात वर्डस्टारसारखे प्रोग्राम थेट फ्लॉपीवरून चालत. पेन ड्राइव्ह स्वस्त झाल्यावर तिला नवे रूप मिळाले. २००४ मध्ये जॉन हॉलर यांनी फायरफॉक्स ब्राउझरची पोर्टेबल आवृत्ती तयार केली आणि त्यातूनच पुढे पोर्टेबलअ‍ॅप्स हा प्रकल्प उभा राहिला. आज लिब्रेऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर अशा रूपात मोफत मिळतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी मात्र एक मर्यादा ध्यानात घ्यावी. अक्षरे उमटवणे आणि कळफलक ही कामे बहुतांशी संगणकाच्या मूळ प्रणालीकडे असतात. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय स्वतंत्रपणे बसवावी लागे. ती नसलेल्या संगणकावर पोर्टेबल ब्राउझरही देवनागरी नीट दाखवू शकत नसे. आजच्या विंडोजमध्ये ती सोय अंगभूत आहे. परंतु जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आजही अगम्य चिन्हांच्या रूपात दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच तो निर्धास्तपणे गावोगाव नेता येतो.

पोर्टेबल म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज आहे. अनेक संगणकांना लागणारा पेन ड्राइव्ह विषाणूंचेही वाहन होतो. २००८ मध्ये पसरलेल्या कॉनफिकरने पेन ड्राइव्हच्या आपोआप सुरू होण्याच्या सोयीचाही फायदा घेतला होता. पोर्टेबल प्रोग्राम मागे काहीच खूण ठेवत नाही, हेही पूर्ण खरे नाही. जोडलेल्या पेन ड्राइव्हची आणि उघडलेल्या फाइलींची नोंद विंडोज स्वतःच ठेवते. संगणकात विषाणू असेल तर टंकलेला पासवर्डही चोरीला जाऊ शकतो. त्यामुळे सार्वजनिक संगणकावर बँकेचे व्यवहार टाळणेच शहाणपणाचे. शिवाय पेन ड्राइव्ह हरवला, किंवा काम चालू असताना वीज गेली, तर नोंदींसह सारेच गमावण्याची भीती असते. म्हणून एक प्रत घरी ठेवावीच.

परवानगीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. पासवर्डची गरज पडली नाही, याचा अर्थ अनुमती मिळाली असा होत नाही. संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या संमतीविना त्यात विषाणू शिरवणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. विकतच्या सॉफ्टवेअरच्या 'पोर्टेबल' म्हणून फिरणाऱ्या अनधिकृत प्रती तर दुहेरी धोक्याच्या असतात: परवान्याचा भंग होतो आणि आत काय दडले आहे याची खात्री नसते.

मग निवड कशी करावी? स्वतःच्या संगणकावर रोज वापरायचे, वेग आणि आपोआप अद्ययावत होणे ज्यात महत्त्वाचे आहे, असे सॉफ्टवेअर रीतसर बसवावे. विषाणूरोधक आणि छपाईयंत्राचे ड्रायव्हर प्रणालीशी जोडलेले असतात, त्यामुळे तेही बसवलेलेच बरे. परक्या संगणकावर अधूनमधून करायच्या कामासाठी पोर्टेबल प्रत सोबत असावी. मात्र ती निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी, वेळोवेळी स्वतः अद्ययावत करावी आणि वापरण्यापूर्वी संबंधितांना विचारावे. आपला संगणक आणि परका संगणक हा भेद ओळखला, की निवड अवघड राहत नाही.