स्थानाकडून नामाकडे : चित्रपट-संकलनातील सूचक शब्दांचा इतिहास

चित्रपटाचा संकलक हा कापणारा व जोडणारा म्हणून ओळखला जात असला, तरी त्याच्या कामाचा पुष्कळसा भाग शोधण्यात जातो. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटासाठी सुमारे १२,५०,००० फूट, म्हणजे २३० तासांहून थोड्या अधिक कालावधीचे चित्रण झाले होते. त्याच्या संकलकांपैकी एक, वॉल्टर मर्च, यांच्या हिशेबाप्रमाणे पडद्यावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे न दिसणारी ९५ मिनिटे होती. एवढ्या राशीतून हवा तो तुकडा हाती येणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. जो तुकडा सापडत नाही, तो त्या चित्रपटापुरता अस्तित्वातच नसतो. या दृष्टीने पाहता, चित्रखंडांना सूचक शब्द, म्हणजेच रूढ भाषेतील ‘कीवर्ड’, जोडण्याची पद्धती ही संकलनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित परंतु महत्त्वाची घटना ठरते.

फिल्मच्या युगात चित्रखंड ही प्रत्यक्ष वस्तू होती. तिच्या कडेवर क्रमांक छापलेले असत. साहाय्यक ते वहीत नोंदवून घेई. कापलेले तुकडे कापडाचे अस्तर लावलेल्या पिंपावरील आकड्यांना टांगले जात. या पिंपास ‘बिन’ म्हणत. या व्यवस्थेचे मूलतत्त्व स्थान हे होते : एका वेळी एक तुकडा एकाच आकड्यावर. स्थानकावर रडणाऱ्या स्त्रीचा तुकडा ‘स्थानक’ या गटात टांगावा की ‘रुदन’ या गटात, याचा निर्णय एकदाच व एकाच बाजूने करावा लागे. दुसरी बाजू संकलकाच्या स्मरणशक्तीवर किंवा साहाय्यकाच्या वहीवर सोपविली जाई.

ग्रंथालयशास्त्रापुढेही हाच प्रश्न होता. ग्रंथ एकाच फळीवर राहतो, विषय मात्र अनेक असतात. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे करून मांडले. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॉर्टिमर टॉब यांनी प्रत्येक लेखास अनेक सुटे शब्द देऊन, त्या शब्दांच्या छेदातून लेख शोधण्याची पद्धती प्रचारात आणली. चित्रपटाच्या क्षेत्रात हे तत्त्व रुजण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

१९७१ मध्ये ‘सीएमएक्स ६००’ या यंत्राने चित्रण चुंबकीय तबकड्यांवर साठवून हव्या त्या ठिकाणी त्वरित जाणे शक्य केले. १९८९ मध्ये मॅकिन्टॉश संगणकावर चालणारी ‘ॲव्हिड’ची प्रणाली बाजारात आली. परंतु या प्रणालीतही कप्प्यांना ‘बिन’ हेच नाव राहिले. वर्णनासाठी रकाने होते, त्यांतून शोधही घेता येई. तथापि वर्णन सामान्यतः संपूर्ण क्लिपचे असे. वस्तू नाहीशी झाली, पण वस्तूला जागा हवी ही समजूत टिकून राहिली.

ॲपल कंपनीच्या ‘फायनल कट प्रो एक्स’ या २१ जून २०११ रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रणालीने ही समजूत सोडून दिली. तीत कीवर्ड क्लिपलाच नव्हे, तर क्लिपमधील निवडलेल्या कालखंडालाही जोडता येतो. एकाच कालखंडास कितीही शब्द देता येतात व ते परस्परांवर पसरू शकतात. प्रत्येक शब्दाचा संग्रह आपोआप तयार होतो, मात्र मूळ चित्रणाची नवी प्रत निघत नाही. चौकटीत एक व्यक्ती आहे की समूह, दृश्य जवळचे आहे की दूरचे, हे यंत्राने ओळखून नोंदविण्याची सोयही तीत होती. स्थानकावरील स्त्री आता ‘स्थानक’ व ‘रुदन’ या दोन्ही संग्रहांत एकाच वेळी राहू लागली.

या लाभाची दुसरी बाजूही विचारात घेणे अवश्य आहे. मर्च हे संगणकाचे विरोधक नव्हते. २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ त्यांनी फायनल कट प्रोवरच संकलित केला. तरीही त्यांनी असे निदर्शनास आणले होते की, फिल्मचे रीळ पुढेमागे फिरविताना न शोधलेले तुकडेही डोळ्यांखालून जात आणि कित्येकदा तेच अधिक उपयोगी ठरत. थेट उडी मारणारे यंत्र मागितले तेवढेच देते. कीवर्डने ही मर्यादा अधिक दृढ होते, कारण शब्द बहुधा संकलनापूर्वीच, अनेकदा साहाय्यकाच्या हातून, दिले जातात. ‘रुदन’ हा शब्द अश्रू दाखवील. अश्रूंपूर्वीचा क्षणभराचा संकोच, त्यास कोणी नाव दिले नसेल तर, शोधात येणार नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक प्रश्न भेडसावतो. कीवर्डांची यादी ही संकलकाने चित्रण कसे वाचले याचे अस्सल साधन होय. परंतु ते साधन प्रणालीच्या आयुष्याशी बांधलेले आहे. फायनल कट प्रो ७ मधील प्रकल्प २०११ ची नवी प्रणाली स्वतः उघडू शकत नव्हती, आणि २०१७ च्या मॅकओएस हाय सिएरापासून ती जुनी प्रणालीही चालेनाशी झाली. साहाय्यकाची वही मात्र अक्षर लागेल तोवर वाचता येते. म्हणून अभिलेखागारांनी पूर्ण झालेल्या चित्रपटाबरोबरच त्याचे सूचक शब्दही साध्या, प्रणालीनिरपेक्ष मजकुराच्या रूपात जतन करणे इष्ट ठरते. तसे न झाल्यास चित्रपट राहील, पण तो ज्या राशीतून निवडला गेला तिचे वाचन नष्ट होईल.