अलिखित नाटकांतील शृंगाराचे स्थान

मराठी साहित्यसंमेलन १९३६ साली जळगावास भरले तेव्हा अध्यक्षस्थानी माधव जूलियन होते; १९४४ साली धुळ्यास भरले तेव्हा मामा वरेरकर. पहिल्यांना महाराष्ट्र प्रेमकवी म्हणून ओळखत होता. दुसऱ्यांनी हुंड्यासारखे विषय रंगभूमीवर आणले आणि नायकनायिकांना त्या विषयांच्या मागून चालावयास लावले. आठ वर्षांच्या अंतराने खानदेशाने या दोघांचे स्वागत केले हा योगायोगच. परंतु त्या योगायोगात एक जुना वाद दडलेला आहे. प्रीती ही कथेत असावी याविषयी कोणाचा मतभेद नाही. कथेचे गाडे तिने ओढावे की नाही, हा खरा प्रश्न.

एका लेखकाने एका बैठकीत लिहिलेल्या नाटकापुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: लेखक समर्थ असेल तर कोणतेही जनावर गाड्यास जुंपावे. परंतु जेथे लेखकच नाही, जेथे दहाबारा माणसे रंगभूमीवर उभी राहून आपापली भूमिका आपल्याच तोंडच्या भाषेत रचीत जातात, तेथे काय करावे? ही कल्पना आजची नव्हे. मराठी नाटकाचा जन्मच अशा अलिखित, सामुदायिक खेळातून झालेला आहे, आणि त्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहणे मला अगत्याचे वाटते.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. सूत्रधाराने पदे म्हणावयाची, आणि त्या पदांच्या अनुरोधाने पात्रांनी गद्य भाषणे आयत्या वेळी करावयाची, अशी या नाटकांची रीत होती. भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ साली छापून निघाला, त्यातही आख्यानांची पदेच आहेत. भाषणे लिहिलेलीच नव्हती. राजापार्टाने काय बोलावे, राक्षसपार्टाने किती गर्जना कराव्यात, विदूषकाने कोणाची खोडी काढावी, हे ज्याचे त्याने पाहावयाचे.

आता आख्यानाचे नाव पाहा: स्वयंवर! म्हणजे प्रीतीचाच विषय, असे कोणी म्हणेल. पण सीतास्वयंवरात कथा पुढे जाते ती कशाने? धनुष्याने. रावण ते उचलावयास जातो आणि फजीत पावतो, राजे मान खाली घालून बसतात, विश्वामित्र आज्ञा देतात, जनक चिंतेत पडतो. एवढ्या मंडळींना काम मिळते ते त्या एका जड धनुष्यामुळे. रामसीतेची प्रीती हे फळ आहे, इंजिन नव्हे. ही निवड भाव्यांनी विचारपूर्वक केली की परंपरेने आयती मिळाली, याचा काथ्याकूट करीत बसण्याचे कारण नाही. ज्यास भाषण आयत्या वेळी रचावयाचे आहे, त्यास प्रतिस्पर्धी लागतो, अडचण लागते, हातात काहीतरी वस्तू लागते. नुसत्या प्रेमिकांस या तिन्हींची गरज नसते. त्यांना एकान्त हवा असतो, आणि एकान्त म्हणजे बाकीच्या दहा नटांनी पडद्यामागे विड्या ओढीत बसणे होय.

कोकणातील दशावतारात ही पद्धत आजही जिवंत आहे. खेळापूर्वी कोणते आख्यान लावावयाचे ते ठरते, प्रसंगांची साखळी सांगितली जाते, आणि संवाद रंगभूमीवरच उभे राहतात. तेथे स्त्रीपार्ट असतो, शृंगारही असतो. पण मध्यरात्रीनंतर डुलक्या घेणाऱ्या प्रेक्षकास जागे करणारे असते ते युद्ध, शाप आणि वादविवाद.

युरोपातही असेच एक उदाहरण आहे, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाईल असे प्रथमदर्शनी वाटते. सोळाव्या शतकापासून इटलीत मुखवट्यांची जी अलिखित प्रहसने होत, त्यांत प्रेमिकांची जोडी जवळजवळ अनिवार्य असे. फ्लामिन्यो स्काला याने १६११ साली अशा ५० खेळांचे नुसते आराखडे छापले. परंतु ही प्रहसने चालत कोणाच्या जोरावर? कंजूष म्हातारा पांतालोने, पोकळ पंडिती मिरविणारा डॉक्टर, बढाईखोर शिपाई, आणि सर्वांवर ताण करणारा भुकेला नोकर आर्लेकिनो, यांच्या. प्रेमिकांनी फक्त उसासे टाकावयाचे आणि चिठ्ठ्या द्यावयाच्या. चिठ्ठी चुकीच्या हातात पोचविण्याचे महत्कार्य नोकराकडे! प्रीती हे निमित्त होते, आणि त्या निमित्ताने सगळ्या मंडळींची पोटे भरत.

प्रीतीला गाड्याचा जू खांद्यावर घेता आला तो नाटक लिहिले जाऊ लागल्यावर. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालचे. पण खरे परिवर्तन अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० साली केले, आणि १८८२ साली ‘सौभद्रा’ने त्यावर कळस चढविला. येथे अर्जुनसुभद्रेच्या अनुरागावर सर्व नाटक उभे आहे. तरीही किर्लोस्करांची चतुराई पाहण्यासारखी आहे. सुभद्रा दुर्योधनास देण्याचा बलरामाचा हट्ट, कृष्णाचा कावा, नारदाची कळ, घटोत्कचाने केलेले हरण, अर्जुनाचा यतिवेष: प्रेमिकांचे प्रेम नुसते उभे आहे आणि त्याच्याभोवती सारे द्वारकेचे घर धावपळ करीत आहे. पुढे जळगावास बालपणी महेबूबखां यांच्यापाशी गाण्याचे धडे घेतलेले नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, रंगभूमीवर आले, आणि प्रेक्षक सुभद्रेच्या गाण्यात इतका गुंतला की कथा कोठवर आली याची त्यास फिकीर राहिली नाही. ते अलौकिक गाणे कोणासही हवेसेच वाटेल. पण त्याने नाटक थांबते, हे रसिकाने तरी प्रांजळपणे मान्य करावे.

गाण्यासाठी कथा थांबणे हा प्रकार तमाशात याहून उघडपणे दिसतो. तमाशाची जुनी मांडणी फार शहाणपणाची आहे: आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि लावणी, आणि शेवटी वग. शृंगारास त्याचे स्वतःचे घर दिलेले आहे, आणि वगाचे घर निराळे. उमाजी बापू सावळजकर यांचा ‘मोहना बटाव’ हा १८६५ सालचा पहिला वग समजला जातो, आणि तो प्रीतीचाच आहे, हे मी विसरलेलो नाही. परंतु सोंगाड्याच्या हजरजबाबाखेरीज कोणताही वग उभा राहत नाही, आणि तो हजरजबाब क्वचितच प्रेमाविषयी असतो. पाटील, सावकार, फौजदार, दुष्काळ हे त्याचे खाद्य.

अडचण उत्पन्न होते ती प्रेक्षकामुळे. अलिखित खेळात प्रेक्षकही एक सहलेखक असतो, आणि तमाशात त्याच्या हातात दौलतजादा असते. पैसा पुढे आला की नाचणारीने देणाराचे नाव घ्यावे, लावणी पुन्हा म्हणावी, कथेने थांबावे. ज्याच्यापाशी पैसा त्याची कथा; आणि त्या प्रेक्षकास बहुधा एकच कथा हवी असते. मग शृंगार आपले घर सोडून वगात शिरतो. त्याची किंमत कोणी भरली? देणाराने खचित नव्हे. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळेसारख्या एखादीचे नाव राहिले. इतर शेकडो स्त्रिया कला विकावयास आल्या आणि लोकांनी त्यांना दुसरेच काही विकावयास आलेल्या समजले. १९४७-४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती पुढे उठली. पण खेळाची संहिता आधी लिहून दाखवावी आणि परवाना घ्यावा, असा नियम मागाहून आला. ज्या कलेचा प्राण आयत्या बोलण्यात, तिला कागद दाखविण्याची पाळी यावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

सरकारच्या आधीच काही लोकांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. सत्यशोधक चळवळीच्या जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि गौळणीतला शृंगार टाकून दिला. आंबेडकरी जलशांनी तेच अधिक निर्धाराने केले. १९३१ साली नाशिककडे भीमराव कर्डक यांनी जो जलसा उभा केला त्यात नाचीला स्थान नव्हते. तेथे वगाचे गाडे ओढले ते शिक्षणाने, पाणवठ्याने, मंदिराच्या बंद दाराने. जलशात रस कमी होता असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. ज्यास गावात तोंड उघडता येत नव्हते, त्याने मंचावर उभे राहून सावकारास आयत्या वेळी सुचलेले उत्तर द्यावे, यात जो रस आहे तो कोणत्याही नायकाच्या प्रणयाराधनात नाही. मात्र जलशात कधी कधी उपदेश फार होई, आणि उपदेशानेही कथा तितकीच थांबते, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या खानदेशात सामुदायिक रचनेचा आणखी एक प्रकार आहे, ज्यास कोणी नाटक म्हणत नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि एकीने ओळ घ्यावी, बाकीच्यांनी ती उचलावी, तिसरीने तिला नवे वळण द्यावे, असे गाणे वाढत जाते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी या सणावर कविता केली आहे. या गाण्यांत ओढ आहे, विरह आहे, रुसवा आहे. पण ओढ आहे ती माहेराची, विरह आईचा, रुसवा भावावरचा. प्रियकर तेथे आलाच तर गौराईच्या शंकराच्या रूपाने येतो, आणि त्याचीही सगळ्याजणी मिळून थट्टा करतात. झोक्यावर बसलेली एकच असते खरी; पण झोका देणाऱ्या चौघींपैकी गप्प कोणीच नसते.