घाट कोणता घ्यावा?

सातारा जिल्ह्यात अवजड लटांबर घेऊन घाट उतरणाऱ्यांत अफजलखानाचे नाव बरेच वर घ्यावे लागेल. 1659 साली खानसाहेब वाईत होते. वाई त्यांना परकी नव्हती. तिथली सुभेदारी त्यांनी केलेली. म्हणजे पानपट्टीवर थांबून रस्ता विचारायची गरज नव्हती. तरीही हत्ती, घोडे, लवाजमा घेऊन ते रडतोंडीच्या घाटाने पारला उतरले. ज्या घाटाचे नावच रडतोंडी, तिथे एवढे सामान नेऊ नये, हे एकाही हुजऱ्याने सुचवले नसेल काय? पण घाट खानाने निवडलाच नव्हता. भेटीची जागा यजमानांनी ठरवली होती, वाट आपोआप ठरली. 10 नोव्हेंबरला पुढे काय झाले ते चौथीतला मुलगाही सांगेल.

हे सगळे आठवायला कारण आमचे सांगलीचे मेव्हणे. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मेव्हण्यांनी ते फार मनावर घेतले आणि स्वयंपाकघर, पलंग, संडास यांसह चालणारे एक घरच भाड्याने ठरवले. आजवर छोट्या मोटारीपलीकडे काही चालवलेले नाही.

"दाजी, पेठनाक्याला हायवे धरायचा. साताऱ्याहून महाबळेश्वर, आंबेनळीने खाली पोलादपूर, मग चिपळूण, आणि कुंभार्ली चढून कऱ्हाड. कसं?"

"उत्तम. मृत्युपत्र केलंय ना?"

घाटाचा खरा व्यवहार केला तो साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी आणि मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी. 1829 च्या तहात महाराजांनी महाबळेश्वर दिले आणि बदल्यात खंडाळा घेतले. लोणावळ्याशेजारचे नव्हे, खंबाटकीच्या पायथ्याचे. आम्ही बँकेतली माणसे. अदलाबदल दिसली की आधी मूल्यांकन मागतो. एकीकडे साडेचार हजार फुटांवरचे धुके आणि धो धो पाऊस, दुसरीकडे हमरस्त्यावरचे गाव. महाराज बुडाले असे आज ज्यांना वाटते, त्यांनी त्या काळातला डोंगर पालखीतून का होईना चढून बघावा. पुढे 1848 मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले आणि दोन्ही खाती एकाच मालकाच्या नावे जमा झाली!

आंबेनळीलाही पूर्वी फिट्झजेराल्ड या गव्हर्नरसाहेबांचे नाव होते. नाव मोठे, पण दरडी कोणाची भीड ठेवत नाहीत. जुलै 2021 च्या पावसात हा रस्ता तुटून बंद पडला होता.

शिवाय नवख्याला चढ नडत नाही, नडतो उतार. चढताना गाडी फार तर धापा टाकते. उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा ट्रकवाल्यांचा जुना पाठ. त्यात अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा नियमच आहे. म्हणजे समोरून एस.टी. आली की थांबायचे मेव्हण्यांनी, आणि वेळ पडलीच तर ते घर मागे घ्यायचेही त्यांनीच.

माझे मत स्पष्ट होते. वाईवरून पसरणीचा घाट चढावा, त्यानेच उतरावे. शनिवार-रविवार टाळावा, कारण तेव्हा निम्मे पुणे तिथे असते. केळघरला वर्दळ कमी, पण तो दुसऱ्या खेपेला.

मेव्हणे बराच वेळ गप्प होते.

"दाजी, मग वाईलाच मुक्काम करतो. मेणवलीचा घाट बघतो."

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाट आहे तो कृष्णेकाठचा. पायऱ्यांचा.

"गाडी वरच ठेवा," मी म्हणालो.