आजीची कळशी

या वेळी पाण्याचं बिल दुप्पट आलं. झोपताना सगळे नळ बंद करून मीटरवरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी तो पुढे सरकलेला! फ्लशच्या टाकीत हळद कालवली, तर खाली भांड्यात पिवळा ओघळ. दहा मिनिटांत लिटरभर धरलं, तरी दिवसाला १४४ लिटर.

मुंबईत विहार तलावाचं पाणी नळाने आलं १८६० साली, तानसाचं १८९२ साली. त्याआधी विहिरी-तलावांवरून पाणी वाहून आणावं लागे. पुढे गिरगावातल्या चाळीतही आजी सामाईक नळावरून कळशीने पाणी भरायची. किती कळश्या झाल्या, ते तिच्या कमरेला ठाऊक असे. नळ घरात आला आणि ते मोजमाप सुटलं.

वॉशर बदलला. आकडा थांबला. आता दर रविवारी मीटर बघतो.